घरच्या धन्याचं गाडगं रिकामं होऊ देऊ नका



आणे गावची आमटी-भाकरी साऱ्या जुन्नर तालुक्याला ठाऊक आहे. रंगदास स्वामी महाराजांच्या यात्रेला हिवाळ्यात मोठाल्या कढयांतून आमटी शिजते आणि ती ओरपायला पंचक्रोशी लोटते. आमटी म्हटली की मसाला आला, आणि मसाला म्हटला की धने आले. आपल्या घरच्या काळ्या मसाल्याचंच बघा. मिरची सोडली, तर त्यात वजनाने मोठा वाटा धन्याचाच असतो. लवंग-दालचिनी चिमटीने पडते, धने मापाने पडतात.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. यंदा तुमच्या घरी जो मसाला कुटला, त्यातले धने कुठल्या रानातले होते? देशातल्या धन्याचे मोठे बाजार आज राजस्थानात कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीला आणि मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यातल्या कुंभराजला भरतात. दुकानातल्या धन्याला असा लांबचा प्रवास घडलेला असतो. तो माल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण पिढ्यान् पिढ्या पठारावर शाळू-हरभऱ्यात धने पेरणारे आपण, आज पाव किलो धन्यासाठी दुकानात जातो. धने विकत आणले याचं एवढं वाईट वाटायला नको. खरी काळजी वेगळी आहे. धने पेरायचे थांबले की बी थांबतं, आणि बी एकदा गेलं की ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

म्हणून या लेखात मागणी एकच आहे. येत्या रब्बीत फक्त एक गुंठा जमीन गावरान धन्यासाठी ठेवा.

पठार आणि धने

आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं, की आण्याचा घाट चढून आपण पठारावर येतो. पुढे पारनेर तालुका सुरू होतो. सह्याद्रीच्या पावसाच्या छायेतला हा भाग. कुकडी प्रकल्पाचे कालवे खालून गेले आणि तालुक्याचा सखल भाग बागायती झाला. पठार उंचावर राहिलं. इथली शेती पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलाव्याच्या भरवशावर.

अशा जमिनीत धने चांगले बसतात. थंडी मानवते, पाणी थोडं लागतं, आणि कसदार काळ्या किंवा मध्यम जमिनीतल्या ओलाव्यावर पीक हाताशी येतं. जुन्या लोकांनी धन्याचं वेगळं वावर क्वचितच केलं. हरभऱ्यात चार ओळी, शाळूच्या कडेने एक पाभर, बांधालगतची एखादी पट्टी, असाच त्याचा थाट. हिवाळाभर भाजीत पानं, शिमग्याच्या सुमारास घरात धने. एकाच पेऱ्यात दोन पिकं. पुढच्या वर्षीचं बी त्यातच निघायचं आणि गाडग्यात पडायचं.

नाव फार जुनं

कोथिंबीर मूळची भूमध्य समुद्राच्या काठची आणि पश्चिम आशियातली. पण ती आपल्याकडे आली त्याला इतका काळ लोटला, की तिला परकी म्हणायला जीभ रेटत नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रात ‘कुस्तुंबुरु’ हा शब्द आहे. त्याच शब्दापासून आपली कोथिंबीर आली, कानडीतली कोत्तंबरी आली. विदर्भात तिलाच सांबार म्हणतात. धन्याला आयुर्वेदात ‘धान्यक’ हे नाव आहे.

गावरान म्हणजे काय, हेही नीट समजून घेऊ. गावरान ही कुठली एक ठरलेली जात नाही. एका गावात, एका प्रकारच्या जमिनीत, वर्षानुवर्षं घरच्याच बियांवर पेरत आलेलं ते वाण. दर दुष्काळात कच्ची झाडं गेली, तगली त्यांचं बी पुढे आलं. म्हणजे ही निवड तुमच्या आजा-पणजांनी आणि इथल्या हवामानाने मिळून केलेली आहे. कृषी संशोधकांनी काढलेले अनेक सुधारित वाणसुद्धा अशाच स्थानिक वाणांतून निवडलेले आहेत. अजमेरला मसाला बियांच्या पिकांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2000 सालापासून आहे. आपल्या दापोलीच्या विद्यापीठाने ‘कोकण कस्तुरी’ हा कोथिंबिरीचा वाण दिला. या सगळ्या कामाला कच्चा माल लागतो तो गावरान बियाण्याचा. तोच आटला तर पुढचे वाण कशातून निघणार?

मग ते गेलं कुठे?

पाण्याची सोय झाली तिथे कोथिंबीर पैशाचं पीक झाली. नारायणगावच्या बाजारात संध्याकाळी जुड्यांचे लिलाव होतात, तुम्ही पाहिलेच आहेत. व्यापाऱ्याला जुडी हवी ती लांब देठाची, रुंद पानाची, गर्द हिरवी, मुंबईपर्यंत ताजी राहणारी. शिवाय लवकर फुलावर न जाणारी. गावरान कोथिंबीर ठेंगणी, पान बारीक, आणि ऊन तापलं की लगेच फुलावर जाते. जुडीच्या बाजारात ती मागे पडणारच. शेतकऱ्याने पाकिटातलं बी घेतलं, त्यात त्याची चूक नाही. पोट जुडीवर आहे.

पण जुडीचं पीक 35 ते 45 दिवसांत मुळासकट उपटलं जातं. त्याला फूल येत नाही, बी धरत नाही. दरवेळी बी विकतच घ्यावं लागतं. असं दहा-वीस वर्षं चाललं, की घरात बी ठेवायची सवय मोडते. सासूने सुनेला दाखवायचं राहून जातं.

दुसरी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. जुडीचा भाव पडला की काढणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. मग प्लॉट तसाच सोडला जातो, किंवा त्यात शेरडं-मेंढरं घातली जातात. सोडलेला प्लॉट फुलावर येतो. धन्याच्या फुलावर मधमाश्या तुटून पडतात आणि शेजारच्या गावरान धन्यावर पाकिटाच्या कोथिंबिरीचा परागकण जाऊन पडतो. पुढल्या वर्षी बी उगवतं, पण ते ना धड हे ना धड ते. असा वाण नुसता न पेरल्यानेच जातो असं नाही, मिसळीनेही जातो.

खरं-खोटं तोलून घ्या

गावरान म्हणजे सगळंच सोनं, असं मी सांगणार नाही. बागायतीत जुडी विकायची असेल तर सुधारित वाणच घ्या. गावरानाचं उत्पन्न कमी, झाडं एकसारखी नसतात, काही लोळतात. पण कोरडवाहू रानात त्याची लवकर फुलण्याची खोड गुणाची ठरते. ओलावा संपायच्या आत दाणा भरून पीक मोकळं होतं. जुडीवाल्याला जो दोष, तोच धनेवाल्याला फायदा.

वासाचंही तसंच. धन्याचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो आणि त्या तेलात मोठा भाग लिनालूल या द्रव्याचा. बारीक दाण्याच्या धन्यात हे तेल साधारणपणे जास्त असतं, मोठ्या लांबट दाण्यात कमी. आकाराने टपोरा धना दिसायला छान, पण मसाल्याला दिसणं कामाचं नाही. परीक्षा सोपी आहे. दुकानातले धने एका तळहातावर घ्या, घरचे दुसऱ्या. चोळा आणि हुंगा. नाक खोटं बोलत नाही.

चुलीपाशी

धन्याचा उपयोग माय-बहिणींना मी काय सांगावा! तरी दोन-चार गोष्टी मांडतो. धने मंद आचेवरच भाजावेत. जाळ मोठा केला की तेल उडून जातं आणि मसाल्याला नुसता रंग उरतो. वर्षाचे धने एकदम दळून ठेवू नयेत. अख्खा धना वास धरून ठेवतो, पूड महिना-दोन महिन्यांत फिकी पडते. काळा मसाला, गोडा मसाला, धने-जिऱ्याची पूड, हे सगळं लागेल तसं थोडं थोडं करावं.

पानाला धन्यापेक्षा वेगळा वास असतो, कारण त्यातली द्रव्यं वेगळी. ती उष्णतेने पटकन जातात, म्हणून कोथिंबीर भाजी उतरवताना वरून घालायची. गावरान कोथिंबिरीची पानं बारीक, पण कोवळे देठसुद्धा वासाचे. ते टाकू नका, ठेच्यात वाटा. आपल्या जुन्नर-आंबेगावची मासवडी कोथिंबिरीशिवाय उघडी दिसते. कोथिंबिरीच्या वड्या महाराष्ट्रभर होतात, विदर्भातली सांबारवडी तर कोथिंबिरीनेच भरलेली असते. आणि धनत्रयोदशीला आपण धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. त्या दिवशी तरी वाटीतले धने घरच्या रानातले असावेत की नाही?

औषध म्हणून किती?

उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली, उन्हाळी लागली, की धने-जिऱ्याचं पाणी देतात. आयुर्वेदात धान्यक हिम सांगितला आहे. भरडलेले धने सहा पट पाण्यात रात्रभर भिजत घालायचे, सकाळी गाळून खडीसाखरेसोबत प्यायचे. तहान आणि अंगातला दाह यांसाठी तो देतात. धने, सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेल मिळून धान्यपंचक होतं. वैद्य ते अपचन-अतिसारावर वापरतात. जेवणानंतर चार भाजके धने चावले की तोंडाला बरं वाटतं. हिरव्या पानांत अ, क आणि के ही जीवनसत्त्वं असतात.

पण इथे एक इशारा द्यायलाच हवा. धन्याच्या पाण्याने साखरेचा आजार जातो, थायरॉईड बरा होतो, मुतखडा विरघळतो, असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबून डॉक्टरची गोळी बंद करू नका. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, ताप आला, लघवीतून रक्त गेलं, तर सरळ दवाखाना गाठा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल त्यांनी कोथिंबिरीचा रस वाट्या भरभरून पिऊ नये, कारण के जीवनसत्त्व त्या गोळीच्या कामाच्या आड येतं. भाजीत घालतो तेवढ्या कोथिंबिरीची भीती नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाकिटातल्या पेरणीच्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं. उरलेलं बी कधीही मसाल्यात घालू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

हरभऱ्याचा राखणदार

आजा-पणजा हरभऱ्यात धने का टाकत होते, याचं कारण आता शास्त्राने सांगितलं आहे. घाटेअळीच्या पोटात अंडी घालून तिला मारणारी कॅम्पोलेटीस नावाची बारीक परजीवी माशी असते. तिला खायला मध लागतो. धन्याची फुलं बारीक आणि उघडी, त्यातला मध तिच्या तोंडाला सहज लागतो. हरभऱ्यात धने असतील तर ही माशी जास्त दिसते आणि घाटेअळीला आळा बसतो. शिवाय मधमाश्या येतात, त्याचा फायदा शेजारच्या कांद्याच्या बियाण्याला आणि करडईला होतो. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करा. सकाळी फुलांवर माश्या असताना विष मारलं, तर राखणदारालाच मारल्यासारखं होईल.

एका गुंठ्याचा हिशोब

एका गुंठ्याला धन्यासाठी 150 ते 200 ग्रॅम बी पुरतं. कोरडवाहूत हेक्टरी चार-पाच क्विंटल धरले, तर गुंठ्याला चार-पाच किलो धने होतात. पाच-सहा माणसांच्या घराला वर्षाच्या मसाल्याला दोन-तीन किलो लागतात. म्हणजे घरचा मसाला भागून, बी ठेवून, शेजारणीला वाटीभर द्यायलाही उरतं. कामं अशी करा.

बी शोधणे. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कुठे ना कुठे एखाद्या आजीच्या उतरंडीत, फडक्याच्या पुरचुंडीत बी असतं. जुनं असेल तर उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून गुंडाळी करा, ओल मोडू देऊ नका. बारा-पंधरा दिवसांत 65-70 तरी उगवले पाहिजेत. कमी उगवले तर टाकून देऊ नका, दाट पेरा. धन्याचं बी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून झपाट्याने कमजोर होतं, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

पेरणी. धना म्हणजे दोन बियांचं जोडफळ. पेरण्याआधी फळीने किंवा चपलेने हलकेच रगडून त्याची दोन दळं करा, भुकटी करू नका. बारा तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवा. किलोला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलं तर मर रोगाला अटकाव होतो. दोन ओळींत एक फूट अंतर ठेवा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, घाबरून मोडू नका. नंतर विरळणी करून दोन झाडांत चार-पाच बोटं जागा राखा. युरिया जास्त दिला तर झाड माजतं आणि दाणा उशिरा भरतो, तेव्हा शेणखतावरच भागवा.

राखण. फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली की मावा आणि भुरी येते. भुरीची सुरुवात दिसताच 10 लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक फवारा. शेजारी पाकिटाची कोथिंबीर असेल तर ती फुलण्याआधी काढायला शेजाऱ्याला विनंती करा. शक्यतो दोन फुलत्या वाणांत 200 मीटर अंतर असावं.

निवड. हा बियाण्याचा प्राण आहे. रोगट, खुजी, वेगळ्याच पानाची झाडं फुलण्याआधी उपटा. बी एका झाडाचं घेऊ नका. किमान शंभर-दीडशे चांगल्या झाडांचं एकत्र करा, नाहीतर वाण दुबळा होत जातो. पानासाठी वाण राखायचा असेल तर सगळ्यात आधी फुलणारी झाडं बियाण्याला धरू नका. धन्यासाठी राखायचा असेल तर लवकर पिकणारी, भरल्या दाण्याची झाडं जरूर धरा. दोन्ही बियाणी वेगवेगळी ठेवा.

काढणी. 90 ते 110 दिवसांत निम्म्या छत्र्यांचे दाणे हिरव्याचे पिवळसर झाले की काढा. पूर्ण वाळायची वाट बघितली तर दाणा रानातच झडतो. सकाळी दहिवर असताना कापणी करा, सावलीत वाळवा, काठीने हलकेच झोडून सुपाने पाखडा. बियाण्याचा भाग आधी बाजूला काढा, मग घरखर्चाचा. उरलं ते बियाण्याला, असं करू नका.

साठवण. दाणा दाताखाली कटकन फुटला म्हणजे वाळला. गाडग्यात कडुनिंबाचा वाळला पाला घालून तोंड बांधा आणि कोरड्या जागी ठेवा. धन्यात बारीक तपकिरी भुंगेरा होतो, म्हणून पावसाळ्याच्या आधी एकदा ऊन दाखवा. गाडग्यावर वर्ष आणि रानाचं नाव खडूने लिहा. बी दोन घरांत ठेवा. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरचं राहील.

गावाने काय करावं?

हे काम एकट्या-दुकट्याचं नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांना माझी विनंती आहे. जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. पुष्कळ गावांत ही नोंदवही कपाटात पडून आहे. ती बाहेर काढा. गावरान धने, हुलगा, मटकी, शाळू यांचं बी कोणत्या घरी आहे, पान कसं, दाणा कसा, कधी पेरतात, याची नोंद म्हाताऱ्या माणसांना विचारून करा. पाच-दहा वर्षांनी सांगायला कोण असेल, याचा नेम नाही.

बी द्यायला-घ्यायला भीती बाळगू नका. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 सालचा. आपल्या शेतातलं बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचासुद्धा हक्क या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. फक्त एखाद्या संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात विकता येत नाही.

उदाहरण लांब शोधायला नको. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत गावरान बियाणी जमवून घरात बियाणे बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीला 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सुरुवात केली ती घरापासून. आपल्या बचत गटांनाही हे जमेल. दहा बायकांनी एकेक गुंठा पेरला तर चाळीस-पन्नास किलो धने होतात. त्यातून गटाचा मसाला निघेल आणि गावाचं बीही राहील. विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र आधी करून घ्या.

शाळूची पाभर चालेल तेव्हा ओल असेल, मजूर असेल, बैल किंवा ट्रॅक्टर रानातच असेल. त्याच दिवशी बांधालगतचा एक गुंठा धरून टाका. पाकिटाची कोथिंबीर बागायतीत खुशाल लावा आणि चार पैसे मिळवा. पण पठारावरच्या रानात आपलं गावरान बी दरसाल एकदा तरी मातीत पडलं पाहिजे. यंदा आठवड्याच्या बाजारात धने घ्यायच्या आधी घरातली गाडगी एकदा उघडून बघा. बी सापडलं तर जपा, आणि नाही सापडलं तर आजच शेजारच्या आजीकडे मागायला जा.